‘कोणते थेंब घालू?’ या आधी ‘डोळे कोरडे का पडले?’

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे टोचते, संध्याकाळपर्यंत लाल होतात, अशी तक्रार असली की माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘कोणते थेंब घालू?’ उत्तरही थेंबांच्या नावानेच मिळते. ते औषधाच्या दुकानातून मिळते, ओळखीच्या कुणाकडून मिळते आणि घाईच्या वेळी आम्हा नेत्रतज्ज्ञांकडूनही मिळते. महिनाभराने तोच माणूस दुसऱ्या बाटलीच्या शोधात असतो. वर्तमानपत्रांतल्या आरोग्याच्या सदरांतही ‘कोरड्या डोळ्यांवर उपाय’ म्हणून सगळ्यांसाठी एकच यादी छापून येते. याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते, कारण कोरडेपणा हे लक्षण आहे. त्यामागची कारणे अनेक आहेत आणि एका कारणावरचा उत्तम उपाय दुसऱ्या कारणात वाया जातो, क्वचित अपायही करतो.

बुबुळावर अश्रूंचा जो थर असतो तो जेमतेम 3 मायक्रॉन जाडीचा. एवढ्याशा थरातही तीन गोष्टी असतात. बुबुळाला लागून म्यूसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ, ज्याच्यामुळे पाणी डोळ्यावर सारखे पसरते. त्यावर अश्रुग्रंथींतून आलेले पाणी आणि सर्वांत वर तेलाचा तवंग, जो पाणी उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडांमधल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत त्या साधारण 25 ते 40 असतात, खालच्या पापणीत 20 ते 30. पापणी मिटली की ग्रंथी दाबल्या जातात, तेल बाहेर पडते आणि पापणी उघडताना ते डोळ्यावर ओढले जाते. यातले काय बिघडले आहे, त्यावर उपचार ठरायला हवा. टिअर फिल्म अँड ऑक्युलर सरफेस सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही पाणी कमी तयार होणे आणि पाणी लवकर उडून जाणे असे दोन मुख्य प्रकार मानले आहेत. एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात, हेही तिथे स्पष्ट केले आहे.

सर्वाधिक रुग्ण दुसऱ्या प्रकारचे असतात. म्हणजे पाणी पुरेसे असते, तवंग मात्र नीट नसतो. गंमत अशी की यांच्यातल्या पुष्कळांची तक्रार ‘डोळ्यांतून सारखे पाणी येते’ अशी असते, आणि त्यांना ‘तुमचे डोळे कोरडे आहेत’ म्हटले की पटत नाही. तवंग फाटतो, बुबुळ उघडे पडते, टोचते आणि डोळा घाईने पाण्याचा लोंढा सोडतो. त्या पाण्यावर तेल नसल्याने ते गालावर ओघळते किंवा उडून जाते. अशा माणसाने दिवसातून दहा वेळा पाण्यासारखे पातळ थेंब घातले तर पाच-दहा मिनिटे बरे वाटेल, इतकेच.

हा प्रकार ओळखायला मोठे यंत्र लागतेच असे नाही. डोळ्यात फ्लुरोसिनचा पिवळा रंग लावून निळ्या उजेडात पाहायचे, रुग्णाला एकदा पापणी मिटून उघडायला सांगायची आणि मग थर कुठे फाटतो ते सेकंद मोजत बघायचे. हिरव्या चकाकीत काळा ठिपका 10 सेकंदांच्या आत दिसला तर थर टिकत नाही. 5 सेकंदांच्या आत दिसला तर शंकाच नको. त्यानंतर बोटाने किंवा कापसाच्या काडीने पापणीची कड हलकेच दाबायची. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, खाद्यतेलासारखा थेंब येतो. बिघडलेल्या ग्रंथीतून गढूळ, घट्ट, टूथपेस्टसारखी बारीक वळी येते किंवा काहीच येत नाही. ही दोन मिनिटांची तपासणी आहे, पण तीच सर्वाधिक वेळा राहून जाते.

उपाय म्हणजे ते घट्ट झालेले तेल वितळवणे, आणि नेमके इथेच चुका होतात. गरम पाण्यात बुडवलेला रुमाल डोळ्यांवर ठेवतात, पण तो दोनेक मिनिटांत कोमट होतो. पापणीच्या आत सुमारे 40 अंश सेल्सिअस उष्णता निदान पाच ते दहा मिनिटे टिकली नाही तर आतले तेल हलत नाही. एक सोपी युक्ती आहे. चार-पाच लहान ओले रुमाल गरम करून एकावर एक गुंडाळायचे. सर्वांत बाहेरचा आधी काढून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा, दोन मिनिटांनी पुढचा. आतले रुमाल तोपर्यंत गरम राहतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायच्या तयार पट्ट्या मिळतात, त्याही उष्णता चांगली धरतात. काहीही वापरले तरी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघावे. तिथे चटका बसला तर डोळ्यासाठी ते जास्त गरम आहे.

शेकून झाल्यावर लगेच, तेल पातळ आहे तोवर मालिश करायची. वरच्या पापणीवर बोट वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर फिरवायचे, म्हणजे दोन्ही वेळा कडेच्या दिशेने. दाब पापणीवर हवा, डोळ्याच्या गोळ्यावर नको. शेकल्यानंतर बुबुळ थोडे मऊ झालेले असते आणि त्या अवस्थेत जोराने चोळले तर त्याचा आकार बिघडण्याचा धोका असतो. शंकूसारख्या बुबुळाचा आजार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करूच नये. शेवटी ओल्या कापसाने पापण्यांच्या केसांची मुळे पुसायची. हे सगळे सुरुवातीला दिवसातून दोनदा, निदान महिनाभर करावे लागते आणि नंतर रोज एकदा. बरेच जण चार दिवस करतात, फरक पडत नाही म्हणून सोडतात आणि पुन्हा थेंबांकडे वळतात. वर्षानुवर्षे तुंबलेल्या ग्रंथी चार दिवसांत मोकळ्या होत नाहीत, हे उपचार सुरू करतानाच सांगायला हवे. यांना थेंब द्यायचेच तर तेलाचा अंश असलेले द्यावेत. बाष्पीभवन रोखणारे परफ्लुरोहेक्सिलऑक्टेन हे नवे औषध अमेरिकेत 2023 मध्ये मान्य झाले, तेही याच प्रकारासाठी उपयोगी.

कडा फार सुजलेल्या असतील किंवा चेहऱ्यावर रोझेशिया या त्वचाविकाराची लाली असेल तर काही आठवडे कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन देतात. इथे त्याचा उपयोग जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवण्यासाठी आणि तेलाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) रोखण्यासाठी अधिक होतो. गरोदरपणात आणि 8 वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी नळीसारखा कोंडा दिसत असेल तर मात्र कारण डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे असतात. त्यावर टी ट्री तेलातल्या घटकाने केलेली स्वच्छता किंवा लोटिलॅनर या किडे मारणाऱ्या औषधाचे थेंब लागतात, नुसत्या शेकाने भागत नाही. टी ट्रीचे शुद्ध तेल डोळ्याजवळ लावणे धोक्याचे आहे. डोळ्यांसाठी बनवलेली सौम्य उत्पादनेच वापरावीत.

ओमेगा-3 च्या गोळ्यांबद्दलही विचारले जाते. अमेरिकेत 535 रुग्णांवर वर्षभर झालेल्या ‘ड्रीम’ या चाचणीत रोज 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 घेणारे आणि ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. कुणाला गोळ्या घ्यायच्याच असतील तर घ्याव्यात, पण शेक सोडून त्यांच्यावर विसंबू नये.

आता पाणीच कमी असलेल्यांकडे येऊ. यांची तपासणी शर्मर पट्टीने होते. 5 मिलिमीटर रुंद आणि 35 मिलिमीटर लांब अशी टिपकागदाची पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात अडकवतात आणि 5 मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. 5 मिलिमीटरपर्यंतच भिजली तर पाणी नक्की कमी आहे. ही पट्टी स्वतःच डोळ्याला टोचते, म्हणून रंगाची तपासणी आधी आणि ही नंतर करावी. क्रम उलटला तर थर फाटण्याचे सेकंद फसवे येतात.

पाणी कमी निघाले की डोळ्यावर थांबून चालत नाही. तोंड कोरडे पडते का, कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नाही का, दात भराभर किडताहेत का, सांधे दुखतात का, हे विचारायलाच हवे. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी 1933 मध्ये आपल्या प्रबंधात ज्याचे वर्णन केले, तो श्योग्रेन सिंड्रोम असाच सापडतो. शरीराची प्रतिकारशक्ती अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. बहुतेक रुग्ण मध्यम वयाच्या स्त्रिया असतात आणि ‘वयोमानाने होते’ म्हणून त्यांची वर्षे वाया जातात. रक्तातल्या अँटी-रो या प्रतिपिंडाची तपासणी, लागल्यास ओठाच्या आतल्या ग्रंथींचा तुकडा तपासणे आणि संधिवाततज्ज्ञांचा सल्ला यांना हवाच. या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाचा, धोका वाढलेला असतो, म्हणून पुढची देखरेखही लागते. थेंबांच्या बाटलीने हे निदान झाकून टाकणे, हे या विषयातले सर्वांत मोठे नुकसान आहे असे आमचे मत आहे.

या प्रकारात कृत्रिम अश्रू लागतातच, पण त्याबरोबर सूज कमी करणारे औषध लागते. सायक्लोस्पोरिनचे थेंब दिवसातून दोनदा देतात. ते जळजळतात आणि त्यांचा गुण यायला तीनेक महिने लागतात. ही गोष्ट आधी सांगितली नाही तर रुग्ण पंधरा दिवसांत बाटली फेकतो आणि औषध निकामी ठरवतो. सुरुवातीचे दोन-चार आठवडे सौम्य स्टिरॉइड जोडले तर हा काळ सुसह्य होतो. मात्र ते मुदतीचे आणि देखरेखीखालीच हवे. स्टिरॉइडने लाली झटकन जाते, म्हणून लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा आणत राहतात. त्यातून डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, आणि दाब वाढल्याचे रुग्णाला कळतही नाही. अश्रुग्रंथीत थोडा जीव शिल्लक असेल तर पायलोकार्पिनच्या गोळ्यांनी लाळ आणि काही जणांत अश्रूही वाढतात, पण घाम फार येतो. दमा असणाऱ्यांनी त्या जपून घ्याव्यात.

पापणीच्या नाकाकडच्या टोकाला अश्रू वाहून जाण्याचे बारीक छिद्र असते. मोरीला बूच लावावे तसे तिथे प्लग बसवता येते आणि आहे ते पाणी डोळ्यात टिकते. पाणी कमी असलेल्यांना याने फार बरे वाटते. पण डोळ्यात सूज असताना प्लग बसवले तर सूज वाढवणारे घटकही आतच साचतात, आणि शर्मर पट्टी 20 मिलिमीटर भिजलेल्या माणसाला बसवले तर अश्रू गालावर वाहू लागतात. आधी सूज उतरवावी, काही दिवसांत विरघळणारे प्लग लावून पाहावे, मग कायमचे. आजार फार तीव्र असेल तर रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून बनवलेले सीरमचे थेंब किंवा द्रवाचा साठा धरून ठेवणारी मोठी स्क्लेरल लेन्स, हे मार्ग आहेत.

काही डोळ्यांत तेल ठीक, पाणी ठीक, पण पापणी पुरती मिटत नाही. चेहऱ्याचा अर्धांगवायू, थायरॉइडमुळे पुढे आलेले डोळे, पापणीची शस्त्रक्रिया ही त्याची कारणे. काहींच्या पापण्या फक्त झोपेत किंचित उघड्या राहतात. यांची तक्रार सकाळी उठताना सर्वाधिक असते आणि रंग लावल्यावर बुबुळाचा खालचा पट्टाच रंगतो. घरच्या कुणी झोपेत मंद उजेडात पाहिले तर फटीतून पांढरी रेघ दिसते. यांना दिवसाचे थेंब कितीही बदलून दिले तरी उपयोग नाही. रात्री मलम हवे, गरज पडल्यास पापणीवर चिकटपट्टी किंवा ओलावा धरणारा चष्मा हवा. झोपेत श्वासासाठी सीपॅप यंत्र लावणाऱ्यांच्या मुखवट्यातून हवा वर डोळ्यांकडे गळते का, तेही पाहावे.

पडद्यासमोर बसणाऱ्यांचे थोडे वेगळे. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा होणारी उघडझाप वाचताना किंवा पडद्याकडे पाहताना निम्म्याहून खाली येते आणि होते तीही अर्धवट. अर्धवट मिटलेली पापणी तेल पिळत नाही. म्हणून दर वीस मिनिटांनी नजर दूर नेताना दहा-बारा वेळा डोळे पूर्ण मिटून, क्षणभर थांबून उघडावेत. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली असावा, म्हणजे पापणीची फट लहान राहते. पंखा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये.

औषधांमुळेही डोळे कोरडे पडतात. सर्दी-ॲलर्जीच्या अनेक गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आणि मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, जे थेट तेलग्रंथींवर परिणाम करते. ती परस्पर बंद करू नयेत, पण नेत्रतज्ज्ञांना त्यांची यादी दाखवावी. डोळ्यांचे थेंबच कारण असण्याची शक्यता तर कुणाच्या मनातही येत नाही. बाटली उघडल्यावर जंतू वाढू नयेत म्हणून घातलेले बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह बुबुळाच्या पेशींना आणि म्यूसिन तयार करणाऱ्या पेशींना इजा करते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्यावेत. काचबिंदूचे रुग्ण प्रिझर्व्हेटिव्ह असलेले थेंब वर्षानुवर्षे घालतात. त्यांनी ते थांबवायचे नसतात, प्रिझर्व्हेटिव्हविरहित प्रकार मिळेल का ते विचारायचे असते. लाली घालवणारे नॅफाझोलिनसारखे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात. परिणाम उतरला की लाली दुपटीने परतते आणि कोरडेपणा तसाच राहतो.

थेंब घालण्याची रीतही सांगायला हवी. डोळ्यात एका वेळी अश्रू असतात सुमारे 7 मायक्रोलिटर, आणि बाटलीतला एक थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा. म्हणजे एक थेंबही डोळ्यात मावत नाही, दुसरा तर सरळ गालावर जातो. खालची पापणी ओढून त्या खोबणीत एकच थेंब टाकावा, डोळा मिनिटभर मिटून ठेवावा. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, जेल किंवा मलम शेवटी.

जीवनसत्त्व अ कमी पडल्याने येणारा कोरडेपणा वेगळाच. मुलाला संध्याकाळी दिसेनासे होते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे बिटॉट ठिपके येतात. इथे थेंबांमागे लागण्यात दृष्टी जाऊ शकते. एक वर्षावरील मुलांना 2 लाख युनिट, 6 ते 12 महिन्यांच्या बाळांना 1 लाख युनिट, असा डोस पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी डॉक्टरांकडून दिला जातो. गरोदर स्त्रियांना इतका मोठा डोस चालत नाही. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा यकृत-स्वादुपिंडाच्या जुन्या आजारात प्रौढांनाही हे होऊ शकते.

मज्जातंतूंचा बिघाड दोन उलट प्रकारे दिसतो. मधुमेह, नागीण, डोळ्यातली हर्पिस यांनंतर बुबुळाची संवेदना जाते. डोळा जखमी असतो पण माणूस तक्रार करत नाही. उलट काहींना भयंकर जळजळ होते, आणि तपासणीत जवळपास काही सापडत नाही. अशा वेळी दवाखान्यात भूल देणारा एक थेंब घालतात. वेदना गेली नाही तर तिचे मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर नाही आणि उपचार वेदनातज्ज्ञांच्या मदतीने करावा लागतो. हा भुलीचा थेंब घरी कधीही वापरू नये, त्याने बुबुळ अक्षरशः विरघळते.

एक विनंती आमच्या व्यवसायबंधूंना. चिठ्ठीवर औषधाच्या वर कारणही लिहावे, ‘तेल कमी’, ‘पाणी कमी’, ‘पापणी मिटत नाही’, जे असेल ते, रुग्णाला कळेल अशा शब्दांत. शर्मरचा आकडा आणि थर फाटण्याचे सेकंदही लिहावेत. पुढच्या वेळी तुलना करता येते आणि डॉक्टर बदलला तरी शून्यापासून सुरुवात होत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी तर हे हवेच. कोरड्या बुबुळाचे माप चुकते आणि त्यावरून निवडलेल्या लेन्सचा नंबरही.

वाचकांनी दाखवायला जाताना चालू असलेल्या सगळ्या बाटल्या आणि गोळ्या सोबत न्याव्यात. त्रास सकाळी जास्त की संध्याकाळी, खाज की जळजळ, तेही सांगावे. खाज मुख्य असेल तर ती बहुधा ॲलर्जी असते. आणि एकाच डोळ्यात तीव्र दुखणे, उजेड सहन न होणे, नजर कमी होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका यांपैकी काहीही दिसले, त्यातही कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल, तर लेन्स काढून त्याच दिवशी दाखवावे. काढलेली लेन्स डबीसह बरोबर न्यावी, तपासणीला ती उपयोगी पडते.

आपले नम्र,
नेत्रविकारांच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक